मंदाताईंच्या नावाची दोन उत्तरं

तुम्ही कुठकुठल्या यादीत आहात, हे तुम्हाला माहीत आहे का? रेशनची यादी, मतदारांची यादी, ती सोडा. तुम्ही जिथं नोकरी करता, तिथल्या कॉम्प्युटरच्या आत तुमच्या नावापुढं काय काय लिहिलंय, कुठली फाइल तुम्हाला नुसती वाचता येते आणि कुठली बदलता येते, हे कधी विचारलंय? आणि विचारलं असेल तर... कीबोर्डवर बोटं कुणाची होती?

प्रश्न विचित्र वाटेल. मलाही दोन महिन्यांपूर्वी वाटला असता.

आधीच सांगते, भूत, भानामती, करणी, अंगात येणं यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमचं गाव सिरसाळा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांना पत्रकं काढायचं वेड. मजुरीवर पत्रक, हुंड्यावर पत्रक, हातातून अंगारा काढणाऱ्या बाबावर पत्रक. चौथीत असल्यापासून मी बाजारच्या दिवशी ती वाटत आले. एकदा एका बाईनं माझ्यासमोर पत्रकाची पुडी केली आणि तिच्यात हिरव्या मिरच्या बांधून घेतल्या. मी रडत घरी आले, तर अण्णा म्हणाले, "बरं झालं की, घरापर्यंत तर गेलं!" त्यांच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ असायची — दावा करणाऱ्यानं तो सगळ्यांसमोर खरा करून दाखवावा. त्या ओळीवर मी वाढले. बुवाबाजीशी भांडले, नातेवाइकांशी भांडले, एका लग्नातून ताटावरून उठून आले.

म्हणून हे लिहिताना मला लाज वाटते. पण एका बाईची नोकरी गेली आहे, नाव गेलं आहे, आणि त्यात माझा हात आहे. लाजेपेक्षा ते मोठं आहे.

बीडहून नेकनूरकडं जाणाऱ्या रस्त्याला एका शिक्षण संस्थेचं नर्सिंग कॉलेज आहे. संस्थेचं नाव देत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. तिथं मी करारावर कॉम्प्युटरचं काम बघायचे. सर्व्हरची खोली तळमजल्यावर, प्रात्यक्षिकाच्या हॉलला लागून. त्या हॉलमध्ये पलंगांवर रबरी पुतळे झोपवलेले असतात, मुली त्यांच्यावर सुया द्यायला शिकतात. नवीन माणूस दारातच दचकतो. मी तिथं बसून रोज डबा खायचे. सांगायचं कारण एवढंच की मी घाबरट नाही... आणि जे झालं ते भर दुपारी, पंखा चालू असताना, तीन शुद्धीतल्या माणसांसमोर झालं.

आता थोडं कामाचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

कॉलेजातल्या प्रत्येकाचं एक अकाउंट असतं. एकेका माणसाला एकेक हक्क देत बसत नाहीत. ग्रुप करतात, ग्रुपला हक्क देतात, आणि माणसाचं नाव ग्रुपमध्ये टाकतात. अंतर्गत गुणांची फाइल ज्यांना बदलता येते त्यांचा एक ग्रुप होता, नाव 'गुणबदल'. त्यात चार जण — प्राचार्य, परीक्षा प्रमुख आणि दोन प्राध्यापिका. बाकीच्यांना ती फाइल फक्त वाचता यायची. कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे हे बघायचं तर काळ्या खिडकीत (तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात) एक ओळ, म्हणजे कमांड, टाइप करायची, 'नेट युजर' आणि पुढं त्या माणसाचं लॉगिन नाव, की खाली ग्रुपची यादी येते. अर्ध्या मिनिटाचं काम.

आमच्या ऑफिसची एक पद्धत होती. नवीन माणूस आला की त्याला कुठले हक्क द्यायचे, हे कुणी लिहून द्यायचं नाही. चिठ्ठीवर फक्त 'अमक्याप्रमाणे' असं असायचं. शिंप्याला जुना सदरा देऊन 'याच मापाचा शिवा' म्हणतात ना, तसं. मग मी त्या अमक्याचं अकाउंट कॉपी करून नव्याचं करायचे. जुन्याला चुकून जास्तीचा हक्क मिळालेला असला की तो नव्यालाही मिळायचा. मी दोनदा लेखी तक्रार केली होती. "तू लई कायदा शिकवती," एवढंच उत्तर मिळालं.

मंदाताईंचं अकाउंट मीच उघडलेलं. परीक्षा विभागात कनिष्ठ लिपिक. मूळच्या चकलांब्याच्या, माहेर-सासर दोन्हीकडं मेंढरं. "आमच्यात मेंढरामागं न चालणारी पहिली बाई मीच," असं त्या सांगायच्या, आणि सांगताना हसू दाबायच्या. दोन्ही भाषांच्या टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या, तरी कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करायच्या. चुकायला नको म्हणून. कायम करण्याची त्यांची ऑर्डर सहीला गेली होती.

मार्चमध्ये भानगड उघडी पडली. शेवटच्या वर्षाच्या एका मुलीचे प्रात्यक्षिकाचे गुण कॉम्प्युटरवर वेगळे आणि शिकवणाऱ्या बाईंनी हातानं लिहिलेल्या तक्त्यात वेगळे. कॉम्प्युटरवरचे बरेच जास्त. मुलगी वजनदार घरातली. विद्यापीठाकडं निनावी अर्ज गेला, तिकडून विचारणा आली, आणि संस्थेला ताबडतोब एक माणूस हवा झाला ज्यानं हे केलं.

परीक्षा विभागात एकच मशीन. खोलीचं कुलूप सकाळी मंदाताई उघडायच्या, मशीन त्याच चालू करायच्या, आणि मग दिवसभर जो येईल तो त्यांच्याच लॉगिनवर बसायचा. कुणी बंद करून आपल्या नावानं उघडायचं नाही. आळस, दुसरं काही नाही. फाइलला कुणी हात लावला याची नोंद ठेवायची सोय माझ्या आधीच्या माणसानं, डिस्क भरते म्हणून, बंद करून ठेवलेली. त्यामुळं प्रश्न एकच उरला — मंदाताईंच्या अकाउंटला ती फाइल बदलता येत होती की नव्हती? नसेल, तर कुणीतरी स्वतःच्या लॉगिननं येऊन ते केलं, आणि असे चारच जण होते. असेल, तर सगळं मंदाताईंच्या गळ्यात.

संस्थेच्या सचिवांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की मंदाबाईला हक्क होता का नव्हता एवढंच छापून आण, बाकी भाषण नको. मी ताठ मानेनं खाली आले. खरं सांगू? मला आनंद झाला होता. पहिल्यांदाच या लोकांना काहीतरी असं लागत होतं ज्यात ओळख, जात, घराणं काही चालणार नव्हतं. नुसतं हो किंवा नाही.

ओळ टाइप केली. एंटर.

यादीत शेवटी 'गुणबदल' होतं.

मी परत टाइप केलं. परत तेच. पहिला विचार आला की माझीच चूक. चुकीचं अकाउंट कॉपी केलं असणार. फाइलमधून त्यांची जुनी चिठ्ठी काढली तर 'ग्रंथालय लिपिकाप्रमाणे' असं लिहिलेलं. ग्रंथालय लिपिकाचं नाव टाकून बघितलं, तो त्या ग्रुपमध्ये नाही. मग उलट बाजूनं गेले, ग्रुपलाच विचारलं की तुझ्यात कोण कोण आहे. चारच नावं. मंदाताई नाहीत!

म्हणजे माणसाला विचारलं तर म्हणतो मी आत आहे, आणि घराला विचारलं तर म्हणतं हा इथं राहत नाही.

याला कारणं असू शकतात. जाणकार वाचक आत्ता मनात तीच म्हणत असतील. एका ग्रुपच्या पोटात दुसरा ग्रुप असू शकतो. दोन सर्व्हरमध्ये ताळमेळ नसू शकतो. मी सगळं बघितलं. पोटात काही नव्हतं. दोन्ही सर्व्हर एकच सांगत होते. दुसऱ्या कमांडनं, 'डीएसगेट'नं विचारलं, तेच उत्तर. ग्रुपमध्ये कधी कुणाला घातलं-काढलं याची नोंद मात्र चालू होती, ती मी स्वतः चालू केली होती. तिच्यात दोन वर्षांत एकही बदल नव्हता. शेवटी ज्या कंपनीनं सर्व्हर बसवला तिच्या संभाजीनगरच्या इंजिनियरला फोन लावला. त्यानं होल्डवर ठेवलं.

तेवढ्यात मंदाताई आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात.

"मॅडम, मी कावून हात लावीन त्या फायलीला? मला तर ती उघडायचं बी भ्या वाटतंय."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. फोनवर इंजिनियर परत आला आणि म्हणाला, कमांड पुन्हा चालवा. माझा एक हात फोनला, दुसऱ्यात कागद. मी मंदाताईंना म्हटलं, तुमचं लॉगिन नाव टाका आणि एंटर दाबा. त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर बघून टाइप केलं.

यादी आली. 'गुणबदल' नव्हतं.

मी इंजिनियरला सांगितलं, झालं, गेलं, ताळमेळ लागला असणार. तो म्हणाला, बघा, मी म्हटलं नव्हतं का? फोन ठेवला. मंदाताईंनी पदरानं तोंड पुसलं. कागद काढायचा म्हणून मी पुन्हा तीच ओळ टाइप केली.

'गुणबदल' होतं.

पुढचा तासभर आम्ही एवढंच करत राहिलो. मशीन तेच. लॉगिन माझंच. खिडकी तीच. मी टाइप केलं की ग्रुप दिसतो. मंदाताईंनी केलं की नाही. मला वाटलं, स्पेलिंगमध्ये काहीतरी फरक पडत असेल, म्हणून टाइप करणंच बंद केलं. वरचा बाण दाबला की आधीची ओळ जशीच्या तशी येते, त्यावर फक्त एंटर मारायचा. मी मारला, आहे. त्यांनी मारला, नाही. मी. त्या. मी. त्या. एका ओळीखाली एक उत्तरं साठत गेली, एकाआड एक, सतरंजीच्या पट्ट्यांसारखी.

दगडूमामा चहा घेऊन आले होते. ते आमच्याकडं शिपाई, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांना म्हटलं, मामा, हे बटण दाबा. ते म्हणाले, शॉक तर बसत न्हाई ना? दाबलं. 'गुणबदल' होतं.

म्हणजे मी विचारलं तरी आहे, मामांनी विचारलं तरी आहे. फक्त मंदाताईंनी स्वतः स्वतःबद्दल विचारलं तरच नाही.

मंदाताई एकदम हसल्या. मी त्यांच्याकडं बघितलं तर म्हणाल्या, "आमच्या सासूबाईवाणी हाय हे मशीन. मला इचारलं तर मी पहाटंच उठलेली, अन् शेजारणीला इचारलं तर मी झोपलेली." मामाही हसले. मीही. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर त्या खोलीत कुणी हसलं नाही.

कारण मंदाताई म्हणाल्या, "तुमचं नाव टाकू का?"

मी म्हटलं, टाका. मी काही त्या ग्रुपमध्ये नाही. मी व्यवस्था बघत होते, पण गुणांच्या फाइलचा हक्क मुद्दाम घेतला नव्हता. तत्त्व म्हणून. त्यांनी माझं नाव टाकलं.

'गुणबदल' होतं. माझ्या नावाखाली.

मी त्यांच्या हातातून कीबोर्ड ओढला. होय, ओढला. स्वतः टाइप केलं. नव्हतं. मामांना दाबायला लावलं. होतं. आपल्याबद्दल आपण सोडून बाकी सगळ्यांना एक गोष्ट दिसते आणि ती खोटी आहे, हे तुमच्या बाबतीत तुमच्या डोळ्यांसमोर कधी घडलंय? मला त्या मिनिटाला पहिल्यांदा कळलं की मंदाताई सकाळपासून कुठं उभ्या आहेत.

आणखी नावं टाकून बघायला हवी होती. आता कळतं. तेव्हा सुचलं नाही, धीर झाला नाही. मी एवढंच केलं, की मंदाताईंच्या नावाची दोन्ही उत्तरं छापली, प्रत्येक कागदावर कमांड कुणी दिली ते लिहिलं, आणि तिघांनी सह्या केल्या. मामांनी सही शिकल्याला दोन वर्षं झाली होती, त्यांनी ती मन लावून केली.

चौकशीची बैठक तीन दिवसांनी, सकाळी अकराला. समितीत आप्पा, प्राचार्य आणि बाहेरचे सदस्य म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत होते. भिंतीवर प्रोजेक्टर. मंदाताई कोपऱ्यात, नवं पातळ नेसून आलेल्या.

मंदाताई मला आदल्या दिवशी म्हणाल्या होत्या की मॅडम, तुमी नुसता माझा कागद द्या, दुसरा देऊच नका. मी नाही म्हटलं. अर्धं खरं मी सांगणार नाही, असं म्हटलं. दोन्ही दाखवू, सगळ्यांसमोर करून दाखवू, मग कुणाला नाही म्हणता येणार नाही. मला स्वतःबद्दल इतकी खात्री होती...

मी समितीला सगळं समजावून सांगितलं. प्राचार्य घड्याळ बघत होते. आप्पा म्हणाले, दाखव. मी एंटर दाबलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'गुणबदल'. मग मी म्हटलं, आता मंदाताईंना दाबू द्या. आप्पांनी आढेवेढे घेतले, गुरुजी म्हणाले, दाबू द्या की, काय बिघडतं. मंदाताई उठल्या, हात पदराला पुसला, दाबलं.

गेलं. भिंतीवरून गेलं. सगळ्यांनी बघितलं.

मी पुन्हा दाबलं, आलं. त्यांनी दाबलं, गेलं. मी विजयी मुद्रेनं समितीकडं वळले. मूर्ख.

आप्पांनी भिंतीकडची खुर्ची माझ्याकडं वळवली. मग शांतपणे म्हणाले, "म्हंजे बाईला नाव घालता बी येतं अन् आपल्या डोळ्यांदेखत काढता बी येतं. एवढंच इचारायचं होतं."

मी म्हटलं, नाही, तसं नाही, घातल्या-काढल्याची नोंद होते, नोंद कोरी आहे. प्राचार्य म्हणाले, नोंदही पुसता येत असेल. मी म्हटलं, त्यांना एका बोटानं टाइप करता येतं, त्या सर्व्हरची नोंद कशी पुसतील? ते म्हणाले, एका बोटाचं सोंग कुणालाही घेता येतं. मी छापलेले कागद दाखवले. ते म्हणाले, छापील कागद तुझ्याच मशीनचे ना? मग मी दगडूमामांना बोलवा म्हटलं. मामा आले, टोपी हातात. मी विचारलं, मामा, त्या दिवशी काय झालं ते सांगा. मामांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं.

"मला त्यातलं काय कळतंय, पोरी. चहा दिला अन् गेलो."

कागदावर त्यांची सही होती. ती त्यांनी ओळखली नाही. मला त्यांचा राग आला नाही. दीड वर्ष राहिलं होतं.

गुरुजी मात्र अजून ऐकत होते. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, हे असं कशामुळं होतं, तेवढं सांग. एक ओळ सांग, मी लिहितो."

एक ओळ. मी काहीही बोलू शकले असते. सर्व्हर बिघडलाय म्हटलं असतं तरी ते थांबले असते. पण बिघाड सापडला नव्हता, आणि न सापडलेलं सापडलं म्हणायचं मला शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

गुरुजींनी पेन झाकलं. म्हणाले, माहीत नाही हे कारण अहवालात लिहिता येत नाही. आणि त्यांचा आवाज खरंच वाईट वाटल्यासारखा होता.

तेव्हा, अगदी शेवटी, मला सुचलं. मी म्हटलं, आप्पा, तुमचंही अकाउंट आहे. तुमचं नाव मी टाकून बघू का? फक्त एकदा. आप्पा हसले. म्हणाले, आता माझी चौकशी लावती का, बस खाली. मी कीबोर्डकडं हात नेला, तर प्राचार्यांनी प्रोजेक्टरची वायर काढली. मी खाली सर्व्हरच्या खोलीत पळाले. पायऱ्या उतरायला लागतात तेवढ्या वेळात माझं अकाउंट बंद झालेलं होतं. प्राचार्यांच्या सांगण्यावरून, फोनवर, त्याच इंजिनियरनं केलं. शेजारच्या हॉलमध्ये मुली पुतळ्याला सलाईन लावत होत्या आणि मी त्या काळ्या खिडकीसमोर उभी होते. ती मला आत घेत नव्हती.

मंदाताईंना काढलं. 'संगणकीय अधिकारांचा गैरवापर' असं पत्रात आहे. हे पत्र घेऊन जिल्ह्यातल्या कुठल्याही संस्थेत कुणी त्यांना उभं करणार नाही. त्या मुलीचे गुण दुरुस्त झाले, ती पासही झाली, आणि ज्यानं कुणी ते गुण बदलले तो अजून तिथंच कामाला आहे. तो कोण, मला माहीत नाही. ज्याचा पुरावा नाही त्याचं नाव मी घेणार नाही. आम्हाला ज्या चुकीनं मारलं तीच मी करणार नाही. माझा करार पुढं वाढवला नाही. त्यात मला आश्चर्य नाही.

मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखा कागद ओढला, पत्रक लिहायला. दोन ओळी लिहिल्या. मग त्यांतली एक खोडली. शेवटी म्हणाले, "यात शिव्या कुणाला द्यायच्या गं?" आणि कागद घडी करून खिशात घातला. त्यांना अर्धं पत्रक सोडून उठताना मी पहिल्यांदा बघितलं.

मागच्या आठवड्यात चकलांब्याला गेले होते. मंदाताई मेंढरं वाड्यात घालत होत्या. अपील केलंय, तारीख पडायची आहे, वकील म्हणतो पुरावा आणा. मी म्हटलं, ताई, तुम्ही सगळ्यांसमोर करून दाखवलंत, ते साऱ्यांनी पाहिलंय. त्यांनी वाड्याचं काट्याचं फाटक ओढून घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"मॅडम, मी कवा कवा इचार करते... समदेच म्हणतेत मी हाय त्याच्यात, एकटी मीच म्हणते न्हाई. मंग मीच तर केलं नसंल? आठवत नसंल मला."

मी त्यांचे खांदे धरले, नाही म्हटलं, तीनदा म्हटलं. पण त्यांनी ऐकलं असं वाटलं नाही. सांगणारी मीही दुसरीच कुणीतरी होते ना.

मला आजही याचं कारण माहीत नाही. जे जे सुचलं ते तपासलं, ज्यांना यातलं कळतं त्या सगळ्यांना विचारलं. कुणी म्हणालं सर्व्हर जुना असेल, कुणी म्हणालं तुम्ही थकला असाल, एकानं फोनच ठेवला. भुताखेताचं नाव मी घेणार नाही. पण विज्ञानाचं नाव घेऊन खोटंही बोलणार नाही. आता माझ्याकडं ना सर्व्हर आहे, ना अकाउंट. पुन्हा करून बघायची सोय नाही. तुमच्याकडं आहे.

म्हणून हात जोडून एक काम सांगते. उद्या ऑफिसात गेलात की काळी खिडकी उघडा. 'नेट युजर', तुमचं लॉगिन नाव, तिरकी रेघ, 'डोमेन' (सर्व्हरवर हा शेवटचा शब्द लागत नाही, तुमच्या मशीनवर लागेल) — एवढं स्वतः टाइप करा आणि कागद छापा. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलवा. ओळ तीच, फक्त एंटर त्याला दाबू द्या. तोही कागद छापा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. सारखे असतील तर तुम्ही सुटलात, मला शिव्या देऊन विसरून जा. एका ओळीचा जरी फरक असला तर त्या क्षणी, तिथंच, शेजाऱ्याला घरची, नोकरीची आठवण यायच्या आत, दोन्ही कागदांवर त्याची सही घ्या आणि जिथं हे वाचताय तिथंच खाली लिहा. मंदाताईंची तारीख पडायच्या आधी मला असे आणखी कागद हवेत. एक सापडला तरी मी तो घेऊन आधी चकलांब्याला जाईन.